शुक्रवारचे सूप

मित्रांनो, तुम्ही संग्रहालयाच्या फाटकातून आत आलात, लोहाराचे घर आणि गवताच्या छपरांच्या तीन झोपड्या मागे टाकल्यात, की दगडी पडवीत तीन पायांचा एक काळा लोखंडी हंडा दिसतो. तो मी. माझ्यात एक मोठे माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसू शकते. ते कसे, हे मला माहीत आहे, कारण परदेशातून आलेला कोणी ना कोणी पाहुणा दर उन्हाळ्यात माझ्यात बसतो आणि बायकोला फोटो काढायला सांगतो.

माझ्याशेजारी एक पाटी आहे. 'दुष्काळातील सूपचा हंडा. लॅव्हेल कुटुंबाकडून भेट.' पाटीवरचा शब्द न् शब्द खरा आहे. तरी ती वाचली की माझ्या लोखंडाला आतून कढ येतो. का, ते सांगतो.

माझा जन्म पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधला. ओल्या वाळूच्या साच्यात तापलेले लोखंड ओतले आणि मी झालो. माझ्याबरोबर माझे पुष्कळ भाऊ झाले. कारखान्यातले लोक आम्हाला घासताना म्हणत, हे हंडे आयर्लंडला जाणार, तिकडे माणसे उपाशी मरत आहेत. मला अभिमान वाटला. आपण कोणाला तरी जगवायला जन्मलो, असे वाटणे ही चैन आहे, मित्रांनो. ती मी बोटीवरच्या प्रवासापुरती केली.

मेयो परगण्यातल्या क्लूनबेग नावाच्या गावी मला उतरवले. समुद्राला लागून दलदलीचा माळ आणि त्यात दगडी बांधांनी आखलेली छोटी छोटी शेते. त्या शेतांतले बटाटे जमिनीतच काळे पडून सडले होते, आणि तिथली गरीब माणसे बटाट्यांखेरीज दुसरे काहीच खात नसत. मी पोहोचलो तेव्हा लोकांनी खडकांवरच्या शिंपल्या खरवडून संपवल्या होत्या. खाजकुयलीसारखी आग करणारा रानपालाही संपला होता. बंदराकडे मात्र धान्याच्या गाड्या जात होत्या. गाड्यांबरोबर शिपाई असत. मी ज्या बोटीतून आलो, ती परतताना ओट नावाचे धान्य भरून घेऊन गेली. हे कोणाला विचित्र वाटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

मला मागवले होते एका पाद्र्याने. तो परक्या पंथाचा होता. गावातले लोक आणि तो एकाच येशूला मानत, तेच पुस्तक वाचत, पण दोन पंथ एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावत नसत. पाद्री मनाने दुष्ट नव्हता, हे मला सांगितले पाहिजे. तो स्वतः लाकडे फोडायचा, आजाऱ्यांची अंगे पुसायचा. पण उपासमार म्हणजे या लोकांचे आत्मे वाचवायची देवाने दिलेली संधी आहे, असे त्याला मनापासून वाटत होते. त्याने नियम केला. गावकऱ्यांच्या पंथात शुक्रवारी मांस खाणे पाप होते. म्हणून माझ्यात हाडांचे, मांसाचे सूप शिजे ते शुक्रवारी. जो शुक्रवारी अंगणात येऊन सगळ्यांसमोर ते पिईल, त्याला बाकीचे दिवसही वाटी मिळेल. जो नाही पिणार, त्याने हवे तेव्हा परत यावे, दार उघडे आहे.

दार खरोखर उघडे असायचे. सूपचा वास त्यातूनच बाहेर जायचा.

पहिल्या काही शुक्रवारी फारसे कोणी आले नाही. लोक अंगणाच्या भिंतीपलीकडे उभे राहायचे आणि आत कोण जाते ते बघायचे. पोटात काही नसलेली माणसे दुसऱ्याच्या पोटावर पहारा देत होती.

साबिना पॅडन आली ती अशाच एका शुक्रवारी. तिचा नवरा सरकारी रस्त्यावर खडी फोडताना मेला होता. थंडी संपायच्या आत तिची मुलगी विनी गेली आणि तिच्यामागोमाग ओवेन. दोघांना तिने स्वतःच्या पाठीवरून दफनभूमीत नेले, कारण खांदा द्यायला कोणाच्या अंगात ताकद नव्हती. धाकटा अँथनी उरला होता. त्याचे पोट फुगले होते आणि पाय काटक्यांसारखे झाले होते. तो रडायचाही थांबला होता. त्याला कडेवर घेऊन ती अंगणात आली.

भिंतीवरून पहिला आवाज आला तो ऑनर लॅव्हेलचा. ती साबिनाची सख्खी शेजारीण.

"बघा गं, बघा! साबिना चालली! अगं, शुक्रवार आहे आज, कळतंय का तुला?"

साबिना थांबली नाही.

"दोन लेकरं गेली ती देवाघरी गेली. ह्याला कुठं धाडणार आहेस? बाटलीस, साबिना! एका वाटीसाठी बाटलीस!"

साबिनाने माझ्यासमोर येऊन वाटी पुढे केली. मान न वळवता ती म्हणाली, "पोरगं माझं आहे, ऑनर. तुझा देव तू सांभाळ."

पाद्र्याने तिच्याकडून दोन ओळी म्हणवून घेतल्या. ओगराळे माझ्यात बुडाले. आधी अँथनी प्यायला. मग उरलेले ती प्यायली आणि तिने वाटी बोटाने पुसून घेतली. भिंतीपलीकडून कोणीतरी थुंकले. पुढच्या रविवारी गावकऱ्यांच्या पंथाच्या फादरने आपल्या चर्चमध्ये वेदीवरून तिचे नाव घेतले. तिच्याशी कोणी बोलू नये, तिला विस्तव देऊ नये, तिच्या दारावरून जाताना थांबू नये, असे सांगितले. उन्हाळ्यात साबिनाला तापाने गाठले. गावच्या दफनभूमीत तिला जागा नव्हती. पाद्र्याने आपल्या अंगणातच एका कोपऱ्यात तिला पुरले. अँथनी जगला.

आता जे सांगतो ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. ऑनर लॅव्हेलही माझे सूप प्यायची. तिचा नवरा पाद्र्याच्या चुलीत जाळायला दलदलीतून कापलेल्या मातीच्या वाळक्या विटा आणून टाकायचा. त्या विटांची टोपली ऑनर पाठीवर घेऊन मागच्या दाराने यायची आणि जाताना टोपलीत झाकणाचा डबा असायचा. सोमवारी असायचा, बुधवारी असायचा आणि शुक्रवारीही असायचा. तिची चारही मुले जगली. तिने खाल्ले म्हणून मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. माझा जन्मच त्यासाठी होता. पण आपल्याकडे कोणी बघू नये म्हणून ती भिंतीवर उभी राहून दुसरीकडे बोट दाखवत होती. ते मी विसरू शकलेलो नाही.

दुष्काळ सरला. पाद्री कंटाळून निघून गेला. त्याच्या घरातले सामान गावात वाटले गेले, आणि मी गेलो लॅव्हेलांच्या अंगणात. चांगले लोखंड कोणी टाकून देत नाही. तिथे माझ्यात डुकरांसाठी बटाटे शिजले. नंतर मी गुरांना पाणी पाजायची डोण झालो. नंतर माझ्या तळाला चीर गेली, तेव्हा माझ्यात माती भरून जांभळी फुले लावली. डुकरांच्या दिवसांत मी सर्वांत सुखी होतो. डुकरे मागच्या दाराने आली नाहीत आणि पुढच्या दाराने येणाऱ्याला हसलीही नाहीत.

अँथनीला पुढे गावच्या चर्चमध्ये परत घेतले, पण दाराजवळच्या बाकावर. त्याची मुले आणि नातवंडे त्याच बाकावर बसत आली. घराण्याला 'सूपवाले' हे नाव पडले ते पडलेच. लॅव्हेलांच्या अंगणातून शाळेची वाट जायची. पॅडनांचे पोर एकटे जाताना दिसले की बाकीची पोरे त्याच्यामागून ओठांनी भुरका मारल्याचा आवाज काढत चालायची. "चमचा विसरलास का रे?" असे विचारायची. मायल्स पॅडन लहान होता, तेव्हा मी फुलांची कुंडी होतो. तो आवाज मी रोज ऐकला. त्यातला सर्वांत मोठा भुरका ऑस्टिन लॅव्हेलचा असायचा. तो ऑनरच्या नातवाचा नातू, मायल्सच्याच वर्गातला.

मग गावातली माणसे कमी झाली, घरे ओस पडली, आणि माळावर हे संग्रहालय उभे राहिले. ओस घरांचे दगड आणून इथे पुन्हा घरे रचली. ऑस्टिनने मला रिकामा करून, घासून, काळा रंग देऊन भेट दिले. तेव्हा त्याचा फोटो पेपरात आला होता. शाळांच्या बसगाड्या येऊ लागल्या. पलीकडच्या उपाहारगृहात 'दुष्काळी सूप' मिळू लागले, वर मलईची नक्षी काढलेले. लोक तिथून पोट भरून माझ्याकडे येतात आणि डोळे पुसतात.

मायल्स आता म्हातारा झाला आहे. त्याची मुलगी डिलिया इथेच मधल्या झोपडीत काम करते. पाहुण्यांसमोर चुलीवर सोड्याची भाकरी भाजते. बापलेकींचे बोलणे मला पडवीतून ऐकू येते, म्हणून पुढचे सगळे मला समजले.

गेल्या वर्षी ठरले की माझ्यासमोरच्या उतारावर एक मोठा दगड उभारायचा आणि त्यावर दुष्काळात मेलेल्या गावकऱ्यांची नावे कोरायची. समितीचा अध्यक्ष ऑस्टिन लॅव्हेल. जागा बघायला समिती माझ्या पडवीत जमली. सोबत संग्रहालयाच्या प्रमुख ग्रेस हेशन होत्या, डब्लिनहून आलेल्या. आणि मिक बॅरेट होता. गावात तो विनोदी समजला जातो. तिथे मायल्स आला.

"ये मायल्स, बस," ऑस्टिन म्हणाला. "बाक ओला आहे. टोपी घाल खाली."

"नको रे," बॅरेट म्हणाला, "ती टोपी त्याच्यापेक्षा म्हातारी आहे. वयाचा मान ठेव."

"बसायला नाही आलो," मायल्स म्हणाला. "दगडावर माझी तीन माणसं हवीत. साबिना पॅडन, तिची विनी, तिचा ओवेन."

बॅरेटने ऑस्टिनकडे पाहिले. ग्रेसबाई म्हणाल्या, "हवीतच की. त्यात विचारायचं काय?"

"बाई, तुम्ही डब्लिनच्या," बॅरेट म्हणाला. "तुम्हाला आमच्याकडचा पाऊससुद्धा कळायचा नाही."

ऑस्टिन घसा साफ करत म्हणाला, "हे बघ मायल्स, मुलांचं काही नाही. मुलं आपल्यातच गेली. पण साबिना आपल्यात राहिली नव्हती. दगडाला फादर आशीर्वाद देणार. शेजारी अशांची नावं आहेत जे उपाशी मेले पण वळले नाहीत. त्यांच्या रांगेत ती कशी बसवू?"

"ती भूक लागून वळली, ऑस्टिन."

"भूक सगळ्यांना होती. आमची ऑनरपण उपाशीच होती. ती नाही गेली अंगणात."

मित्रांनो, त्या क्षणी मला तडा गेला असता तर बरे झाले असते. ऑस्टिन खोटे बोलत नव्हता. त्याला घरात हेच सांगितले गेले होते, त्याच्या बापालाही हेच. ऑनर अंगणात कधी आलीच नव्हती. मागच्या दाराला अंगण नव्हते.

"ते जुनं झालं हो," ग्रेसबाई म्हणाल्या.

"तुम्हाला जुनं वाटतं," मायल्स म्हणाला. "माझ्यामागे भुरके मारणारा हा समोर बसलाय."

ऑस्टिन खरोखर ओशाळला. "अरे, पोरं होतो आपण. बरं, असं करू. मधला मार्ग काढू. मुलांची नावं घालतो, दोघांची. आईचं नाव काढणार नाही आपण कोणी. आणि उद्घाटनाच्या दिवशी पहिलं पुष्पचक्र तू ठेव. पुढे येऊन, सगळ्यांसमोर. म्हणजे लोकांना कळेल की तुझी काही हरकत नाही. विषय कायमचा मिटला."

"आणि नाही ठेवलं तर?"

"मग मला मुलांचंही अवघड आहे."

मला पाद्र्याची आठवण झाली. तोही असाच मऊ आवाजात बोलायचा.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर झोपडीत बापलेकींची जुंपली.

"बाबा, नाही म्हणा," डिलिया म्हणाली. "तोंडावर नाही म्हणा त्यांच्या. आईला सोडून पोरं घ्यायची? असली नावं मला नकोत."

"तुला नकोत. तुझ्यामागे कोणी आवाज काढत आलं नाही शाळेत."

"आलं नाही, कारण शाळेत आम्ही नऊच पोरं होतो. दुसऱ्याला चिडवायला माणसं लागतात."

मायल्स हसला नाही. "डिली, मी गेल्यावर कोण मागणार आहे? तू? तू तर म्हणतेस दगडच नको. विनी आणि ओवेनचं नाव कुठंही नाही. लाकडाच्या फळीवर नाही, कुठं नाही. दोघांचं तरी होऊ दे."

"आणि साबिना?"

"साबिनानं हेच केलं असतं," मायल्स म्हणाला. "तिला विचारलं असतं, तुझं नाव हवं की पोरांचं, तर ती काय म्हणाली असती? सांग ना."

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास मला आला.

उद्घाटनाला खूप लोक आले. अमेरिकेतून क्लूनबेगच्या वंशजांची एक बस भरून आली. फादरने पाणी शिंपडले. कापड ओढले. करड्या दगडावर नावेच नावे होती, घरवार कोरलेली. आधी बाप, मग आई, मग मुले. ऑस्टिनने मायल्सचे नाव पुकारले. मायल्स उठला. कोट नवा होता. तो सगळ्यांसमोरून चालत गेला, पुष्पचक्र ठेवले आणि वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डिलिया झोपडीच्या दारात हातांची घडी घालून उभी होती. तिने टाळी वाजवली नाही.

माझ्या पडवीला टेकून मिक बॅरेट उभा होता. तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "पॅडनांचं बरं असतं. वाढलं की घेतात."

शेजारचा नाकातून हसला. मायल्स तेव्हा परत येताना नेमका आमच्यासमोर होता. त्याने ऐकले. त्याची चाल तसूभरही बदलली नाही. अशी चाल मी एकदाच पाहिली होती, वाटी पुढे करायला येणाऱ्या बाईची.

त्यानंतर मायल्स अधूनमधून दगड बघायला येऊ लागला. कोरलेल्या अक्षरांवरून तो अंगठा फिरवायचा, विनीवर, मग ओवेनवर. त्याच्या चेहऱ्यावर समाधान आहे की नाही, ते मला कळत नसे.

या वसंतात एका सकाळी तो तिथे असताना शाळेची सहल आली. मार्गदर्शक मुलगी नवी होती, लिमरिकहून आलेली, पाठ केलेले चांगले बोलणारी. तिने दगडावरची घरे दाखवली. एक लहान मुलगी नावे वाचत वाचत थांबली.

"ताई, सगळ्यांना आईबाबा आहेत. या दोघांनाच का नाहीत?"

मार्गदर्शकाने वाकून वाचले. विनी पॅडन. ओवेन पॅडन. बाप दुसऱ्या परगण्यातल्या रस्त्यावर मेला, म्हणून त्याचे नाव नव्हते. आईचे तर नव्हतेच.

"अनाथ असतील गं," ती हळहळून म्हणाली. "दुष्काळात खूप मुलं टाकून दिली होती आईबापांनी."

"ह्यांना आई होती," मायल्स म्हणाला.

सगळ्या मुलांनी वळून बघितले. मायल्सने पुढे बोलायला तोंड उघडले, पण पुष्पचक्र ठेवले तेव्हाच त्याने काय कबूल केले होते, हे त्याला आठवले असावे. त्याचे ओठ हलले आणि मिटले.

"हो का, आजोबा?" मार्गदर्शक गोड आवाजात म्हणाली. "जरा बाजूला सरकाल का? मुलांना फोटो काढायचाय."

मायल्स बाजूला सरकला. मुलांनी फोटो काढला. पहिल्या रांगेतल्या दोघांनी विनी आणि ओवेनच्या नावांजवळ बोटे धरली, अनाथांना कोणीतरी असावे म्हणून. मग सगळे उपाहारगृहाकडे पळाले. तेव्हापासून मायल्स आलेला नाही. डिलिया सांगते, त्याचे गुडघे दुखतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागावे, अशी रीत आहे. मला जपा, मला गंजू देऊ नका, असे मी म्हणावे. मी ते म्हणणार नाही. मला इथे दरवर्षी रंग देतात. माझी फार काळजी घेतली जाते.

माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यापाशी थांबू नका. त्या दगडाकडे जा. ती दोन नावे शोधा आणि त्यांच्या आधी साबिना पॅडन हे नाव मोठ्याने म्हणा. कोणी विचारले की ही कोण, तर त्यांची आई होती, एवढे सांगा. तुम्ही कोणाला काही कबूल केलेले नाही. तुम्हाला बोलता येते.

आणि ऑनर लॅव्हेल हे नाव दगडावर कुठेही नाही, कारण ती मेली नाही. ती जगली, हे चांगलेच झाले. तिलाही मीच जगवले.